मामीची शंभर पानी वही: एका माणसाच्या दोन अँजिओप्लास्टी

मामीकडे एक शंभर पानी वही आहे. पुढून उघडली की दूध संघाचा हिशोब, सकाळी किती लिटर, संध्याकाळी किती, फॅट किती लागली, आणि उलटी करून मागून उघडली की मामांच्या दवाखान्याचा हिशोब. दोन्ही हिशोब एकमेकांकडे सरकत येतात, आणि मार्च २०२४ नंतर पुढच्या बाजूची पानं एकदम हळू भरायला लागतात कारण गोठ्यातली एक म्हैस कमी झाली. मी त्या वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवलेत. सरकारी पैशाने सगळ्यांना उपचार मिळावेत की नाही ह्यावर घरात, गावात, ऑफिसात कुठंही वाद निघाला की माझ्या डोक्यात ती वहीच येते, म्हणून म्हणलं हे प्रकरण एकदा सुरुवातीपासून नीट लिहून काढावं.

ह्या प्रकरणात एक गोष्ट अशी आहे जी सहसा सापडत नाही. मामांच्या हृदयाच्या दोन नळ्यांमध्ये ब्लॉकेज होतं. पहिली नळी फेब्रुवारी २०२४ मध्ये अँजिओप्लास्टी करून उघडली, दुसरी ऑक्टोबर २०२४ मध्ये. माणूस तोच, हॉस्पिटल तेच, कॅथलॅब, म्हणजे नळ्या उघडायची खोली, तीच, डॉक्टरही तेच. मधे फक्त एक तारीख गेली, १ जुलै २०२४. पहिल्या वेळी घर हललं, दुसऱ्या वेळी बिल शून्य. वादात दोन्ही बाजूचे लोक 'असं झालं असतं तर' म्हणून बोलतात, आमच्याकडे दोन्ही होऊन गेलंय.

मामा माणदेशातले, वय तेव्हा ६१. जिरायत जमीन, ज्वारी-बाजरी पावसावर, खरा संसार दुधावर. मोठा मुलगा एमआयडीसीत एका कंपनीत, पगार महिन्याला १४ हजार. हा पगाराचा आकडा लक्षात ठेवा, पुढं सगळा घोळ त्याच्यातूनच आहे.

त्या रात्री साडेतीनच्या सुमाराला मामा उठून बसले. मामीला वाटलं पित्त झालं असेल, तिने सोडा दिला. मग घाम सुटला, बनियन पिळून काढावं इतका, आणि डावा हात जड. मामीने मला फोन केला तेव्हा तिचे शब्द होते, "ह्यांच्या छातीवर धोंडा ठिवल्यावानी झालंय, काय करू?" मी पुण्यात. शेजारच्यांची जीप अंगणात उभी होती, त्यांनी विचारलं पण नाही, चावी लावली आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. वहीत पहिली नोंद आहे, "जीप डिझेल ८००". दुसरी नोंद, "सरकारी दवाखाना ०". तो शून्य मामीने मोठा काढलाय, खाली रेघ ओढून.

ह्या शून्यावर मला थोडं थांबायचंय, कारण सरकारी दवाखाना म्हणलं की लोक नाक मुरडतात. तिथं ड्युटीवर सरकारी सेवेच्या बाँडवरची एक तरुण डॉक्टर होती, एमबीबीएस होऊन वर्ष झालं असेल नसेल. तिने पाच मिनिटात ईसीजी काढला, गोळ्या चावून खायला लावल्या, ईसीजीचा फोटो वरच्या डॉक्टरांना मोबाइलवर पाठवला आणि त्यांचा होकार आल्यावर रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन सुरू केलं. ते इंजेक्शन त्या पहाटे तिथल्या फ्रीजमध्ये होतं म्हणून मामा आज आहेत, हे पुढं हृदयाच्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलं. राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमधले उपचार मोफत केलेत, म्हणजे केसपेपरचे पैसे पण नाहीत, ते पण मामीला माहीत नव्हतं, ती कनवटीला ५०० ची नोट धरून बसलेली. तर जीव वाचवणारा उपचार झाला तो सरकारी पैशाने, सरकारी दवाखान्यात, कुठलंही कार्ड न दाखवता, आणि कुणी विचारलं नाही की तुमचं रेशन कार्ड कुठल्या रंगाचं आहे. माझ्या डोक्यातली सगळ्यांसाठी आरोग्यसेवा म्हणजे ही.

पण इंजेक्शनने काम अर्धं होतं, पुढं अँजिओग्राफी, म्हणजे नळ्यांमधलं ब्लॉकेज बघायची तपासणी, लागणार होती, आणि ती करायची सोय जवळपासच्या कुठल्याच सरकारी रुग्णालयात नाही. सव्वाशे किलोमीटरवर शहर, तिथं एक मोठं हॉस्पिटल, तिथं सरकारची मोफत उपचारांची योजना आहे असं कळलं. प्रायव्हेट कार्डियाक अॅम्ब्युलन्स ६,५००. मी पुण्यातून थेट तिथं पोचलो, मामा पोचायच्या आधी अर्धा तास.

काऊंटरवर पहिला प्रश्न, कार्ड कुठलं? मी म्हणलं रेशन कार्ड आहे. कुठलं, पिवळं केशरी की पांढरं? मला माहीतच नव्हतं. मामीला फोन लावला, ती अॅम्ब्युलन्समध्ये, म्हणाली पांढरं. काऊंटरवरच्या माणसाने मान हलवली आणि ५० हजार डिपॉझिटची पावती काढायला घेतली.

आता ही योजना काय ते थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २१ नोव्हेंबर २०१३ पासून सगळ्या राज्यात, आणि २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं कव्हर, पिवळं आणि केशरी कार्डवाल्यांना, म्हणजे ढोबळमानाने वर्षाला एक लाखापर्यंत उत्पन्नवाल्यांना. पांढऱ्या कार्डवाले बाहेर, अपवाद शेतकऱ्यांच्या आत्महत्या जास्त झालेले १४ जिल्हे, मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा, तिथल्या पांढऱ्या कार्डच्या शेतकऱ्याला सातबारा दाखवून योजना मिळायची. माणदेशाचा दुष्काळ पिढ्यानपिढ्यांचा, पण सातारा सांगली सोलापूर त्या १४ मध्ये नाहीत. आणि मुलाचे १४ हजार गुणिले १२ केले की होतात १ लाख ६८ हजार. म्हणजे कागदावर मामांचं कुटुंब पैसेवाल्यांच्या रांगेत, ज्या रांगेत पुण्यातला बंगलेवाला पण उभा आहे.

सगळ्यात जीवाला लागणारी गोष्ट वेगळीच आहे. राज्य मंत्रिमंडळाने २८ जून २०२३ ला ठरवलं होतं की ही योजना सगळ्या कुटुंबांना लागू करायची, रंग न बघता, आणि कव्हर पाच लाख करायचं. जुलैमध्ये शासन निर्णय पण निघाला. आमचं प्रकरण फेब्रुवारी २०२४ चं. म्हणजे निर्णय होऊन सात-आठ महिने झालेले, पेपरमध्ये बातम्या आलेल्या, मी स्वतः वाचलेल्या, आणि काऊंटरवर मी तेच भांडत होतो की आता सगळ्यांना आहे ना. तिथं बसलेला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा, चांगला मुलगा होता, त्याने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून दाखवलं, "सर निर्णय झालाय पण अजून लागू नाही, सिस्टीम घेतच नाही." लागू झाली १ जुलै २०२४ ला. आपल्याकडे घोषणा आणि अंमलबजावणी ह्यांच्यामधल्या महिन्यांत किती घरं अशी काऊंटरवर उभी राहिली असतील ह्याचा हिशोब कुणाच्याच वहीत नाही.

बिल झालं १ लाख ७२ हजार, हातापाया पडून १ लाख ६५ हजारावर आलं. वहीतली पहिल्या वेळची बेरीज सांगतो, डिझेल ८००, अॅम्ब्युलन्स ६,५००, हॉस्पिटल १,६५,०००, सुट्टी होताना घेतलेली औषधं ३,४००, आणि आमचं आठ दिवसांचं जेवण, राहणं, येणं-जाणं ६,२००. एकूण १ लाख ८१ हजार ९००. पैसे आले कुठून तर घरात होते २२ हजार, माझे ४०, मुलाने कंपनीतून उचल घेतली ३०, मामीचं गंठण सोनाराकडे ठेवून ६०, आणि उरलेले ३० हजार गावातल्या एकाकडून शेकडा ३ रुपये महिना व्याजाने. म्हणजे महिन्याला ९०० नुसतं व्याज. एप्रिलमध्ये दुभती म्हैस विकली ती हे कर्ज फेडायला.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ते हॉस्पिटल ट्रस्टचं आहे. मुंबई हायकोर्टाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवायच्या असतात, त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या फंडात टाकायची असते. त्या आठ दिवसांत हे आम्हाला एका माणसाने सांगितलं नाही. निदान अर्ज तरी करता आला असता. अजून एक, २०२१ पासून राज्यात नर्सिंग होमच्या नियमांमध्ये रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी लावायचं बंधन आहे. मी मुद्दाम परत गेलो तेव्हा शोधलं, जिन्याखाली पाण्याच्या कूलरमागे एक बोर्ड होता, इंग्रजीत. छातीला हात लावून आलेला माणूस कूलरमागं बघणार आहे का?

सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले की दुसऱ्या नळीत ८० टक्के ब्लॉकेज आहे, महिना दीड महिन्यात ती पण करून घ्या. घरी आल्यावर मामांनी विषय बंद केला. "एकीवर चालतंय की," म्हणायचे. पण चालत नव्हतं, विहिरीपर्यंतच्या चढाला दोनदा थांबायला लागायचं, आणि थांबलेलं कुणाला दिसू नये म्हणून मामा चपलेत खडा गेल्यासारखं करून वाकायचे. मामीने ते ओळखलं होतं, मला फोनवर सांगायची. दीड महिन्याचे आठ महिने झाले, कारण एकच.

आणि मग गोळ्या. ह्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळ्या वादात गोळ्यांबद्दल कुणीच बोलत नाही, सगळे ऑपरेशनबद्दल बोलतात. स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवला की रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या साधारण वर्षभर, त्यातली एक पुढं कायम, शिवाय कोलेस्टेरॉलची, बीपीची, ठोक्यांची. महिन्याला २,१५०. त्यात एकच गोळी महाग होती, १४ गोळ्यांची पट्टी ३४० रुपये, दिवसाला दोन घ्यायच्या, म्हणजे पट्टी सात दिवसांत संपायला पाहिजे. जूनमध्ये मी गेलो होतो. मामा गोळ्या जुन्या पानाच्या पितळी डब्यात ठेवतात, तंबाखू सोडली म्हणून डबा रिकामा होता. मी सहज डबा उघडला, पट्टीवर मामीने बॉलपेनने तारीख घातलेली, त्याला १२ दिवस झालेले, आणि पट्टीत दोन गोळ्या शिल्लक. मी मामांकडे बघितलं, ते दावणीकडे बघत बसले. १२ दिवसांत १२ गोळ्या. दोनच्या ऐवजी एक. मामीला न सांगता, फेब्रुवारीपासून नाही पण मेपासून नक्की. म्हणाले, "म्हैस गेली रं, आता हप्त्याला ३४० कुठनं आणायचं."

ती गोळी अर्धी केली की स्टेंटमध्ये गाठ होऊ शकते आणि तसं झालं तर माणूस दवाखान्यात पोचतोच असं नाही. १ लाख ८१ हजार ज्याच्यासाठी गेले ते दिवसाच्या २५ रुपयांवर टांगलेलं होतं. मी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी विचार करून गोळी बदलून दिली, आणि बाकीच्या तालुक्याच्या जनऔषधी दुकानातून घ्यायला सांगितल्या. महिन्याचा खर्च २,१५० वरून ४८० वर आला. हे पहिल्याच दिवशी का झालं नाही ह्याचं उत्तर मला मिळालं नाही, हॉस्पिटलच्या खाली हॉस्पिटलचंच मेडिकल आहे एवढं मला दिसलं.

औषधांच्या आणि सामानाच्या किमतीत सरकारने हात घातला की काय होतं ते स्टेंटमध्ये दिसलंय. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली, औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपये. त्याआधी तेच लाखाच्या पुढं बिलात लागायचे. त्यावेळी पण ओरड झाली होती की चांगले स्टेंट मिळणार नाहीत. मामांना दोन मिळाले.

१ जुलै २०२४. योजना सगळ्यांना लागू. मी दुसऱ्याच दिवशी मामांना म्हणलं चला. पण मामांचं पांढरं कार्ड हाताने लिहिलेलं, जुनं, ऑनलाइन नोंद नव्हतीच, बारा अंकी नंबर नाही. रेशन तर ते उचलतच नव्हते मग कशाला कोण ऑनलाइन करतंय. तालुक्याला तीन हेलपाटे, एकदा साहेब मीटिंगला, एकदा सर्व्हर बंद, तिसऱ्या वेळी झालं. आधारवर मामांचं नाव पूर्ण आणि कार्डवर गावात हाक मारतात ते, त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र. हे सगळं संपायला सप्टेंबर उजाडला. सगळ्यांसाठी म्हणलेली योजना पण शेवटी एका कागदाच्या फटीतूनच आत घेते, आणि ज्याच्या घरात पुण्यात काम करणारा भाचा नाही त्याचं काय, हा प्रश्न मी प्रत्येक हेलपाट्याला रांगेत उभ्या बायामाणसांकडे बघून स्वतःला विचारलाय.

ऑक्टोबरमध्ये त्याच हॉस्पिटलला. तोच आरोग्यमित्र, त्याने ओळखलं. कागद चढवले, मंजुरी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मधे एक प्रकार झाला, वॉर्डमधून एकाने येऊन सांगितलं की काही साहित्य योजनेत बसत नाही, ८ हजार भरा. मी म्हणलं पावती द्या आणि काय साहित्य ते लिहून द्या. आरोग्यमित्राने मला हळूच १५५३८८ हा योजनेचा नंबर दाखवला, मी तिथंच उभा राहून फोन लावला, आणि दहा मिनिटांत ते साहित्य योजनेत बसायला लागलं. पैसे दिले नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या मुलाने मात्र सकाळीच भरले होते, पावतीशिवाय.

अँजिओप्लास्टी झाली. चौथ्या दिवशी सुट्टी, बिलाच्या खाली मामांची सही, रक्कम शून्य. मामीला ते खरं वाटेना, तिने दोनदा विचारलं की घरी गेल्यावर परत मागणार नाहीत ना. योजनेत पेशंटचं जेवण आणि घरी जायचं एसटीचं भाडं पण धरलेलं असतं, ते भाडं पण मिळालं. वहीत दुसऱ्या वेळची बेरीज ४,३००, त्यात प्रतिज्ञापत्राचा खर्च आणि तीन हेलपाट्यांची एसटी पण मामीने सोडली नाही.

तर १,८१,९०० आणि ४,३००.

आता वाद. दिवाळीत सगळे मामांकडे जमलो तेव्हा हाच विषय निघाला आणि रात्री एकपर्यंत चालला. माझा मावसभाऊ डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावात २० खाटांचं हॉस्पिटल, बायको भूलतज्ज्ञ, दोघं रात्रंदिवस राबतात. तो म्हणाला की मी योजनेतून बाहेर पडलो, कारण पॅकेजचे, म्हणजे एकेका उपचाराला सरकार देतं ते, दर वर्षानुवर्ष तेच आणि पैसे यायला महिनोन्‌महिने, माझ्या नर्सचा पगार मी दर महिन्याला देतो, सरकार मला दर महिन्याला देतं का? त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही आणि खोडायचं पण नाही. सरकारने सगळ्यांना मोफत म्हणून जाहीर करायचं आणि त्याचा भार छोट्या डॉक्टरच्या थकबाकीवर टाकायचा हे बरोबर नाही. राजस्थानात मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा विधानसभेत मंजूर झाला तेव्हा हेच झालं, तातडीचा उपचार नाकारता येणार नाही हे कलम, पण पैसे कोण, कधी, किती देणार ते धड स्पष्ट नाही, प्रायव्हेट डॉक्टर रस्त्यावर उतरले, दोन आठवडे दवाखाने बंद, आणि शेवटी ४ एप्रिलला तडजोड झाली त्यात ५० पेक्षा कमी खाटांची हॉस्पिटलं वगळली. कायदा राहिला पण पेशंट जिथं आधी जातो तीच हॉस्पिटलं बाहेर गेली.

भाऊजींचं म्हणणं वेगळं. ते म्हणाले फुकट दिलं की किंमत राहत नाही, लोकांनी स्वतःचा विमा काढावा, आणि हा पैसा शेवटी आमच्यासारख्या टॅक्स भरणाऱ्यांच्या खिशातून जातो. मी म्हणलं मामांचा पण जातो. मामा इन्कम टॅक्स भरत नाहीत, पण पेंडीच्या वाहतुकीतल्या डिझेलपासून साबणापर्यंत सगळ्यावर भरतात, आणि त्यावर्षी त्यांच्या गोळ्यांवर पण जीएसटी होता. त्यांनी विमा काढावा म्हणता, ६१ वर्षाच्या तंबाखू खाणाऱ्या माणसाला हप्ता किती येईल? आणि २०२४ ला तर त्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये काढला. फुकटची किंमत राहत नाही ह्यावर मामी स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, "त्या पोरीनं पाटं इंजेक्शन दिलं त्ये फुकटच हुतं." त्यावर कुणी बोललं नाही.

भाऊजींनी नांदेड काढलं. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं. म्हणाले ह्या लोकांच्या हातात सगळी व्यवस्था द्यायची का? मला त्या बातमीने तेव्हा पण झोप लागली नव्हती. पण ज्या रुग्णालयात खाटांपेक्षा जास्त पेशंट आहेत, जागा रिकाम्या आहेत, तिथं बाळं दगावली म्हणून तिथला पैसा अजून कमी करायचा, हे मला कधीच पटणार नाही. लोक तिथं का गेले होते? कारण शेवटी सगळीकडून पाठवलेला पेशंट तिथंच येतो.

सुप्रीम कोर्टात १९९६ चा एक निकाल आहे, पश्चिम बंगालचा. १९९२ मध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार, एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं, शेवटी प्रायव्हेटमध्ये स्वतःचे १७ हजार घालून तो वाचला. कोर्ट म्हणालं की वेळेवर उपचार न मिळणं हे जगण्याच्या हक्काचंच उल्लंघन आहे, पैसे नाहीत हे कारण सरकारला सांगता येणार नाही, आणि त्याला २५ हजार भरपाई दिली. म्हणजे तत्त्व केव्हाच ठरलंय. स्वातंत्र्याच्या आधी १९४६ मध्ये भोर समितीने पण हेच लिहिलं होतं, की पैसे नाहीत म्हणून कुणाचा उपचार अडू नये. अडलंय ते पैशापाशी. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू, आणि २०२१-२२ ला, ते पण कोरोनाच्या काळात, तो होता १.८४ टक्के. लोकांच्या खिशातून होणारा खर्च २०१३-१४ ला एकूण आरोग्य खर्चाच्या ६४ टक्के होता तो २०२१-२२ ला ३९ वर आला हे खरंय आणि चांगलंय. तरी ३९ म्हणजे शंभरातले एकोणचाळीस मामीच्या वहीत.

माझं मत आता पक्कं झालंय, ह्या दोन बेरजा बघूनच. एक, रंग बघून माणसं निवडायची पद्धत पूर्ण गेली पाहिजे, कारण रेघ कुठंही ओढली तरी रेघेच्या पलीकडे पहिलं पाऊल ठेवणारा माणूस मामांसारखा असतो, बंगलेवाला नसतो. त्यामुळं जुलै २०२४ चा बदल मला मनापासून मोठा वाटतो, कुठल्या सरकारने केला ह्याच्याशी मला घेणं नाही. पण दुसरी गोष्ट त्यापेक्षा महत्त्वाची वाटते. योजना म्हणजे सरकारने आपल्यासाठी काढलेला विमा, ती हॉस्पिटलात भरती झाल्यावर चालू होते आणि सुट्टी झाल्यावर साधारणपणे १० दिवसांत संपते. मामांचा आजार त्या दोन दारांच्या मधे एकदा आठ आणि एकदा चार दिवस राहिला, बाकी सगळा वेळ तो घरात आहे, पितळी डब्यात. बीपी वीस वर्षांपूर्वी गावातच कुणी तपासून गोळी चालू केली असती तर कदाचित कॅथलॅबपर्यंत जायलाच लागलं नसतं. विम्यातून प्रायव्हेट हॉस्पिटलला ऑपरेशनचे पैसे मिळतात, गोळी वेळेवर घेतली का विचारायला कुणी येत नाही.

थायलंडचं उदाहरण मी भाऊजींना सांगितलं. २००१-०२ मध्ये त्यांनी ३० बाटची योजना आणली, एका भेटीला ३० बाट, बाकी सरकार. तेव्हा तो काही श्रीमंत देश नव्हता, चारच वर्षांपूर्वी त्यांचं चलन कोसळलं होतं. पण त्यांनी त्याच्या आधी कितीतरी वर्ष जिल्ह्याजिल्ह्यात, तालुक्यातालुक्यात सरकारी रुग्णालयं उभी करून ठेवली होती, डॉक्टरांना ग्रामीण भागात काम करायला लावलं होतं, आणि योजनेचा पैसा मुख्यतः त्याच रुग्णालयांना डोईमागे, म्हणजे जितकी माणसं सांभाळायची त्या हिशोबाने मिळाला. मग तिथं माणसाला बरं ठेवण्यातच रुग्णालयाचा फायदा. आपण उलट्या टोकाने सुरू केलंय. मावसभाऊ ह्याला लगेच हो म्हणाला, म्हणाला मला दर महिन्याला ठरलेले पैसे द्या आणि हजार कुटुंबं द्या, मी सगळ्यांचं बीपी सांभाळतो. भाऊजी म्हणाले बघू.

मामा सध्या बरे आहेत. विहिरीचा चढ न थांबता चढतात. गंठण अजून सोनाराकडे आहे. गावच्या उपकेंद्रात आता महिन्यातून दोनदा बीपी तपासतात, तिथली सिस्टर मामांना नावाने ओळखते, बीपीची आणि ठोक्यांची अशा दोन गोळ्या तिथं फुकट मिळतात, कधी महिन्याच्या, कधी साठा कमी असला की आठवड्याच्या. बाकीच्या तीन अजून विकतच्या. त्या तीन पण उपकेंद्रात मिळाव्यात म्हणून २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घेतला, मामीनेच मांडला, गावात हृदयाचे आणि शुगरचे मिळून किती पेशंट आहेत ती यादी तिने आणि सिस्टरने घरोघरी फिरून केली होती, वहीच्या मधल्या पानांवर, जिथं दोन्ही हिशोब अजून पोचले नव्हते. ठराव तालुक्याला गेलाय. पोचपावती वहीत टाचलेली आहे.